'वाळू'वाल्या साहेबांना उत्तर

निनावी साहेब, कमेंट वाचली. मी लेखात लिहिलं होतं की सच्छिद्र सिलिकाच्या (वाळूही मुख्यतः सिलिकाच) नॅनोकणांत, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत, कॅन्सरचं औषध भरून ठेवता येतं आणि आम्ल लागलं की ते बाहेर पडतं. त्यावर तुम्ही म्हणता, 'वाळू शिरेतून सोडा म्हणणाऱ्याला थोडी लाज वाटायला पाहिजे, सिलिकोसिसने माणसं मरतात.' पुढे उंदरांवरचे प्रयोग दाखवून मी पेशंटला भुलवतो, ट्यूमरपर्यंत १ टक्कासुद्धा पोचत नाही ते लपवतो, वगैरे. अहो मुद्दा मांडा की, कोण नको म्हणतंय, पण लाज कशाला काढायची? नाव न सांगता लाज काढणं फार सोपं असतं.

शीर्षकात 'अचूक नेम' लिहिलं ते जरा जास्तच झालं, तेवढं मान्य. बदललंय.

आता वाळू. सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो तो स्फटिकी सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेल्याने, दगडखाणीत, क्रशरवर. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) ती धूळ पहिल्या गटात टाकलीय, म्हणजे कॅन्सर नक्की करणारी, आणि अस्फटिकी (अणूंची ठरावीक रचना नसलेली) सिलिका तिसऱ्या गटात, म्हणजे पुराव्यावरून ठरवता येत नाही. हे नॅनोकण अस्फटिकी असतात. खडीसाखर आणि म्हातारीचे केस दोन्ही साखरच ना, मग चावून बघा दोन्ही. अस्फटिकी सिलिका शरीरात हळूहळू विरघळते, सिलिसिक ॲसिड होऊन लघवीवाटे जाते, आणि मसाल्याच्या एखाद्या पाकिटामागे ५५१ नंबर दिसला तर तीही सिलिकाच, तेव्हा नाही वाटत कुणाला लाज! शिरेतून देणं वेगळं हेही मला कळतं, उघड्या कणांच्या पृष्ठभागावरचे सिलॅनॉल (सिलिकॉन-ओएच) गट तांबड्या पेशी फोडू शकतात, म्हणून तर वरून पीईजी या पॉलिमरचा थर देतात.

आणि हे मी कुठून तरी कॉपी-पेस्ट केलेलं नाहीये. एमएस्सीनंतर लॅबमध्ये एमसीएम-४१ ही सच्छिद्र सिलिका स्वतः बनवलीय, सीटॅबच्या (साबणासारखं रसायन, छिद्रांचा साचा) द्रावणात टीईओएस (ज्यातून सिलिका बनते ते रसायन) थेंबथेंब सोडत, मग ५५० डिग्रीला भट्टीत सीटॅब जाळून टाकायचं, उरते पांढरी पावडर, छिद्रं २ ते ४ नॅनोमीटरची आणि एका ग्रॅमला साधारण १००० चौरस मीटर पृष्ठभाग. हे १९९२ मध्ये मोबिल या तेल कंपनीतल्या लोकांनी जाहीर केलं, त्यात औषध भरून बघितलं माद्रिदच्या मारिया व्हाये-रेगी यांच्या गटाने, २००१ मध्ये, तेही साधं आयबुप्रोफेन. रक्ताचा पीएच ७.४, ट्यूमरच्या आसपास थोडा कमी, पण पेशीने कण गिळला की लायसोसोममध्ये (पेशीतल्या पचनाच्या पिशवीत) ५ च्याही खाली जातो, म्हणून छिद्रांवर झिंक ऑक्साइडच्या कणांचं बूच बसवलं तर रक्तात टिकतं आणि आत गेल्यावर विरघळतं. यात हसण्यासारखं काय आहे ते सांगाच एकदा.

माझ्या आत्याला ते लाल डॉक्सोरुबिसिन, कॅन्सरचं औषध, चढवलेलं मी शेजारी बसून बघितलंय. हृदयाला मार बसतो म्हणून मधेमधे टूडी इको, आणि आयुष्यात एकूण किती घ्यायचं यालाही मर्यादा. ते औषध वाटेत सांडू नये म्हणून कुणी धडपडत असेल तर त्याला 'वाळूवाले' म्हणायचं, हे मला नाही चालत, सॉरी.

बाकी तो १ टक्क्याचा मुद्दा. २०१६ चा रिव्ह्यू मीही वाचलाय, दिलेल्या डोसपैकी ट्यूमरपर्यंत पोचणाऱ्या भागाचा मधला आकडा ०.७ टक्के, पण तो सगळ्याच नॅनोकणांचा आहे, एकट्या सिलिकाचा नाही, त्यावर नंतर कधीतरी लिहीन. आणि उंदीर, हो, उंदीरच, मग काय थेट माणसावर करायचं? तसं माणसांतही झालंय, कॉर्नेल विद्यापीठाच्या सी-डॉट्सना (सिलिकाचे चमकणारे नॅनोकण) अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०११ मध्ये चाचणीची परवानगी दिली, मेलॅनोमाच्या (त्वचेच्या कॅन्सरच्या) ५ पेशंटचे निकाल २०१४ मध्ये आले. ते इमेजिंगसाठी होते, त्यात औषध नव्हतं हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगतो. पण सिलिका होती, आणि शिरेतूनच दिली होती.

कमेंट डिलीट करत नाहीये, राहू दे. पुढच्या वेळी नाव टाकून लिहा.