खुलासा: छतावर सोलर, म्हणजे वीज जाणारच नाही?

विद्यापीठाच्या छतांवर सोलर पॅनेल असले की वादळात शहराची वीज गेली तरी आवारातले दिवे चालूच राहतात, असं सध्या फिरतंय. तसं होत नाही. सोलरने बिल आणि उत्सर्जन कमी होतं, ते ठीक. पण ग्रिडला, म्हणजे शहराच्या वीजजाळ्याला, जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद होतो. नाहीतर पॅनेलची वीज बाहेरच्या तारांत जाऊन तिथे काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. म्हणजे वर लख्ख ऊन आणि खाली प्रयोगशाळेतला फ्रीज बंद! बॅटरी हवी, शिवाय ग्रिडपासून तुटून चालणारा इन्व्हर्टरही. २०१२च्या सँडी वादळात अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात वीज टिकली, हे खरं. पण ती मुख्यतः आवारातल्या गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्राची होती.