स्वमत, गुण तीन

माझी मुलगी यंदा दहावीला आहे, म्हणजे आमचं सगळं घरच दहावीला आहे. टीव्हीवर चादर पडली आहे, पाहुण्यांना मार्च संपेपर्यंत बंदी आहे आणि कुकरची शिट्टी झाली की माझी आई कुकरलाच ‘शूऽऽ’ करते. विषयांची वाटणी झाली तेव्हा गणित आणि विज्ञान बायकोकडे गेलं, कारण तिला ते येतं. मराठी माझ्याकडे आलं, कारण ‘त्यात काय शिकवायचंय!’

मलाही तसंच वाटत होतं. मी 1993 साली दहावी झालो. त्या वेळी परीक्षेचा एक सरळ करार होता: प्रश्न त्यांचे, उत्तरं गाईडची, अक्षर आमचं. तिन्ही पक्ष आपापलं काम चोख करत. ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये टिंबं मोजून शब्द केवढा असेल ते ठरवायचं. ‘जोड्या लावा’मध्ये ‘अ’ गटात पाच आणि ‘ब’ गटात सहा जण असत. पाचांची लग्नं लागायची आणि तो सहावा तसाच उरायचा. त्याच्याबद्दल मला फार वाईट वाटे. एकदा तर मी त्यालाही कुणाशी तरी जोडून टाकला आणि अर्धा गुण घालवला.

पण माझा खरा हातखंडा ‘कारणे द्या’. ‘कोकणातील नद्या लांबीने कमी आहेत. कारण द्या.’ आता यात आहे काय? सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली पट्टीच सरासरी 50 किलोमीटरच्या आसपास. नदी डोंगरातून निघून जरा सावरते न सावरते तोच समुद्र येतो. झालं उत्तर. पण गुण तीन आणि उत्तर दीड ओळीचं. तीन गुणांना दीड ओळ दिली तर पेपर तपासणाऱ्याला अपमान वाटायचा. म्हणून आधी सह्याद्रीचं वर्णन, मग तो उत्तर-दक्षिण पसरला असल्याची वार्ता, मग नद्या पश्चिमेला वाहतात हा शोध आणि शेवटी नवी ओळ धरून, पट्टीने अधोरेखित करून: ‘म्हणून कोकणातील नद्या लांबीने कमी आहेत.’ म्हणजे त्यांचाच प्रश्न, त्यांनाच परत, फक्त ‘म्हणून’ लावून. अर्धी दहावी मी या ‘म्हणून’वर काढली.

मराठीच्या पेपरात हेच काम ‘हृद्य दर्शन’ करायचं. धडा बैलावर असो, आजीवर असो की सर्कशीतल्या विदूषकावर, ‘लेखकाने येथे जिव्हाळ्याचे हृद्य दर्शन घडवले आहे’ हे वाक्य कुठेही बसायचं. ‘हृद्य’ म्हणजे काय ते मला कॉलेजात कळलं. तोपर्यंत मी ते निदान दोनशे वेळा घडवलं होतं, आणि त्यातलं निम्म्या वेळा ‘हृदय दर्शन’.

(पुरवणीबद्दल मी मुद्दामच काही बोलत नाही. पहिल्या तासातच ‘सर, पुरवणी!’ म्हणून उठणारी मुलगी प्रत्येक वर्गात असते. त्या आवाजाने मी आजही झोपेतून दचकतो.)

तर एवढी शिदोरी घेऊन मी मुलीसमोर बसलो. तिने समोर ठेवली ती प्रश्नपत्रिका नव्हतीच. तिला आता ‘कृतिपत्रिका’ म्हणतात. 80 गुण, तीन तास. प्रश्न नाहीत, ‘कृती’. मध्ये एक गोल, त्याला कोळ्यासारखे चार पाय, प्रत्येक पायाला रिकामी चौकट. हा आकृतिबंध. मग ओघतक्ता. उतारा वाचायचा आणि चौकटी भरायच्या. ते जमलं. शेवटी लिहिलं होतं: ‘स्वमत. गुण तीन. ‘वाट पाहण्यातही आनंद असतो’, याविषयी तुमचे मत लिहा.’

मी दोनदा वाचलं. दहा वर्षं शाळेत काढली, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं. नंतर नोकरीतही नाही. घरी विचारतात, पण ते भाजी ठरून गेल्यावर.

“बाबा, सांग ना. तुझं मत काय?”

“लेखकाच्या मते...”

“लेखकाचं नाही, तुझं.”

मग मी विचार केला. खरंच केला. आणि माझं प्रामाणिक मत असं निघालं की वाट पाहण्यात काडीचा आनंद नसतो. मी अकरावी-बारावीची दोन वर्षं तालुक्याच्या स्टँडवर एस.टी.ची वाट पाहण्यात काढली आहेत. चौकशीच्या खिडकीतला माणूस ‘येईल’ एवढंच सांगायचा, तेही चेहरा न दाखवता. गाडी आली की फलाटावरचे सगळे तिच्या मागे धावायचे आणि ती नेमकी दुसऱ्याच गावची निघायची. हे सगळं मी मुलीला लिहून दिलं. चांगलं पाऊण पान झालं. शेवटी सवयीने ‘म्हणून वाट पाहण्यात आनंद नसतो’ असंही टाकलं.

तिने वाचलं. हसली. मग गंभीर झाली.

“छान आहे. पण हे लिहून मार्क नाही मिळणार.”

“का? माझं मत आहे!”

“हो, पण चुकीचं आहे.”

आणि तिने दप्तरातून गाईड काढलं. जाडजूड, नव्या अभ्यासक्रमाचं. त्यात पान उघडून दाखवलं. ठळक अक्षरांत ‘स्वमत’ आणि खाली छापील उत्तर. वाट पाहण्याने मनाला संयम लाभतो, ओढ वाढते, भेटीचा आनंद द्विगुणित होतो. सुरुवात: ‘मला असे वाटते की...’

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. राज्यात दरवर्षी पंधरा लाखांवर मुलं दहावीला बसतात. त्यातली माझ्या मुलीसारखी सगळी कोकण मंडळापासून नागपूर मंडळापर्यंत, नऊच्या नऊ विभागांत, त्याच सकाळी त्याच शब्दांत स्वतःचं मत लिहिणार. मी माझं पाऊण पान घडी करून खिशात घातलं आणि तिचं पाठांतर घ्यायला बसलो.

डोळे मिटून, मागेपुढे डुलत तिने सुरुवात केली. “मला असे वाटते की... मला असे वाटते की...” मग एक डोळा उघडला.

“बाबा, पुढे काय वाटतं?”