तापाच्या गोळीला पहारा आहे, पिस्तुलातल्या गोळीला नाही

आज संध्याकाळी लेकीला तिच्या मैत्रिणीच्या घरून आणायला गेले होते, आणि घरी येऊन तीन तास झाले तरी माझे चित्त थाऱ्यावर नाही. खेळताना तिचा गुडघा खरचटला होता. मैत्रिणीच्या वडिलांनी चिकटपट्टीसाठी स्वयंपाकघरातला खण ओढला, तर कात्री, बॅटऱ्या आणि तापाच्या गोळ्यांची बाटली यांच्या मधोमध एक काळे पिस्तूल पडलेले होते. चमचा सारावा तसे त्यांनी ते बाजूला सारले. माझी सहा वर्षांची मुलगी खणाच्या कडेला हनुवटी टेकवून आत पाहत होती. भरलेले आहे का, असे मी विचारले, तेव्हा रिकामे ठेवून काय उपयोग, असे उत्तर मिळाले.

त्या गोळ्यांच्या बाटलीचे झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही. साताऱ्याहून आई इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला येते तेव्हा संधिवाताच्या बोटांनी तिला ते कधीच जमत नाही, आणि दर वेळी ती मला हाक मारते. मुलांच्या पोटात विष जाऊ नये म्हणून अशा झाकणांसाठी या देशाने १९७० सालीच कायदा केला. बाटलीला हात मुलाचा आहे हे कळावे आणि शेजारच्या पिस्तुलाला कळू नये, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

मालकाशिवाय दुसऱ्याच्या हातात न चालणाऱ्या पिस्तुलाचे तंत्रज्ञान नाही, असे कोणी म्हणू नये. आर्माटिक्स या जर्मन कंपनीचे पिस्तूल ठरावीक घड्याळ जवळ असल्याशिवाय चालत नव्हते. २०१४ साली मेरिलँडमधल्या एका दुकानदाराने ते विकायचे ठरवले, तर त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने माघार घेतली. कोणाचीही बंदूक काढून घेतली जात नव्हती, एका दुकानात एक वस्तू मांडली जाणार होती, तेवढ्यासाठी धमक्या! पुढे २०१७ साली एका हॅकरने ते पिस्तूल साध्या चुंबकांनी फसवून दाखवले, हेही खरे. पण म्हणून कोणी घराचे कुलूप काढून फेकत नाही.

आमच्या न्यू जर्सीचीही चूक झाली, हे जड मनाने लिहिते. असे पिस्तूल देशात कुठेही विक्रीला आले की तीन वर्षांनी इथे फक्त तशीच पिस्तुले विकायची, असा कायदा राज्याने २००२ साली केला, आणि त्या धास्तीने बंदुकांवरच्या बंधनांना विरोध करणाऱ्यांनी ते कुठेच विक्रीला येऊ दिले नाही. शेवटी २०१९ साली ती सक्ती रद्द करून, मंजुरी मिळालेले एक तरी असे पिस्तूल प्रत्येक दुकानदाराने ठेवावे, एवढेच बंधन उरले. त्यानंतर २०२३ साली कोलोरॅडोच्या बायोफायर कंपनीने बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखणारे पिस्तूल जाहीर केले, १,४९९ डॉलरना. ज्याने हे काम सुरू केले तो काई क्लोपफर नावाचा तरुण, २०१२ साली कोलोरॅडोतल्याच ऑरोराच्या चित्रपटगृहात गोळीबार झाला तेव्हा, शाळकरी मुलगा होता. त्या पोराला जे सुचले, ते मोठ्यांना ऐकूनही घ्यायचे नाही.

स्वतःच्याच बंदुकीने जीव घेणाऱ्या किंवा देणाऱ्या माणसाला हे तंत्रज्ञान अडवणार नाही, मान्य. मी त्या खणाबद्दल बोलते आहे. २०२० पासून या देशात एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक आहे. भरलेले शस्त्र सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागले तर मालकावर गुन्हा नोंदवण्याची तरतूद आमच्या राज्यात आहे, पण ती हाती लागल्यावर.

तो माणूस वाईट नाही, हे लिहिताना मला जास्त त्रास होतो आहे. माझे पती भारतात असताना जानेवारीतल्या बर्फात आमच्या दारापुढची वाट त्यानेच मोकळी करून दिली होती, आणि आज माझ्या लेकीच्या गुडघ्यावर फुंकर घालत पट्टीही त्यानेच लावली. मैत्रिणीकडे शनिवारी पुन्हा खेळायला जायचे, असे ती झोपताना सांगत होती. मी त्याला आत्ताच निरोप पाठवला आहे की त्या पिस्तुलासाठी कुलपाची पेटी घ्यावी, तोवर मुलींनी आमच्या घरी खेळावे, आणि पेटीचे पैसे मी देईन.