बेगम, मी आणि बटाट्याच्या आकाराचं वर्तुळ

फोर्टातल्या काळ्या घोड्यावर 1965 पर्यंत स्वार होता, पुढे सातवा एडवर्ड झालेला युवराज. मग तो पुतळा राणीच्या बागेत गेला आणि 2017 साली चौकात नवा घोडा आला तो एकटाच, पाठ मोकळी. ऑफिसला जाताना मी त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. हल्ली थांबून पाहतो. दर रविवारी मी खाली उतरलो की बेगमच्या, म्हणजे मी शिकतो त्या घोडीच्या, तोंडावर अगदी हीच कळा असते.

घोडेस्वारीचं खूळ माझ्या डोक्यात चव्वेचाळिसाव्या वर्षी शिरलं. "आधी स्कूटर नीट चालवा," ही म्हणाली. मला वाटलं, मांड ठोकायची, टाच मारायची की चौखूर! प्रत्यक्षात पहिले तीन रविवार आमच्या रिसालदारसाहेबांनी (स्वतः निवृत्त, आवाज अजून नोकरीत) बेगमला लांब दोरी लावून आपल्याभोवती गोल फिरवलं. लगाम माझ्या हाती नाही, रिकिबी (पाय अडकवायच्या कड्या) काढलेल्या, हात आडवे पसरलेले. का, तर तोल लगामाला लोंबकळून नव्हे, बैठकीतून यायला हवा. विरार फास्टमध्ये कशालाही न धरता बोरिवलीपर्यंत उभा राहणारा माणूस मी, मला तोल शिकवताय? लोकलमध्ये आपल्याला चारी बाजूंनी माणसांनी धरलेलं असतं, हे बेगमवरून घसरताना कळलं.

मग दुडकी. यात घोड्याचा पुढचा एक पाय आणि त्याच्या तिरप्या समोरचा मागचा पाय एकदम पडतो, मग दुसरी जोडी. एकाला उठायचं, दोनला बसायचं. बेगम वर यायची तेव्हा मी नेमका खाली निघालेला असायचो. सोमवारी फायली उभ्यानेच पाहिल्या. बॉसला वाटलं, प्रमोशनची तयारी.

पण खरं घोडं पेंड खात होतं ते वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात. माझं वर्तुळ दरवेळी बटाट्यासारखं व्हायचं, डावीकडे चेपलेलं. मी रिसालदारसाहेबांकडे बेगमची तक्रार केली.

"ती चुकत नाही हो. पाठीवर माशी बसली तरी तिला कळतं, तुम्ही तर बहात्तर किलो. तुमचा डावा खांदा खाली कलतो, म्हणून ती आत येते. आणि खाली काय बघताय? जायचंय तिकडे बघा."

वीस वर्षं डब्याची बॅग डाव्या खांद्यावर आहे. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, हिच्याही नाही. बेगमने मात्र दहा मिनिटांत ताडलं.

थांबवणं तर त्याहून अवघड. मी घाबरून टाचही मारायचो आणि लगामही ओढायचो. म्हणजे आमच्या बॉससारखं: लगेच करा, पण मला विचारल्याशिवाय करू नका. बेगम अशा वेळी आमच्या ऑफिसात सगळे करतात तेच करायची, कान मागे पाडून जागच्या जागी चुळबुळ. ओढायचं नसतंच म्हणे. ताठ बसायचं, श्वास सोडायचा, बोटं मिटायची, बस्स.

गेल्या रविवारी चालीत असताना मला आठवलं, आज मेगाब्लॉक आहे. नुसत्या विचारानेच मी खोल उसासा टाकला. बेगम थांबली. पुढचे दोन पाय एका रेषेत, मागचे दोन एका रेषेत, चित्रातल्यासारखी.

"शाबास!" रिसालदारसाहेब ओरडले.

मी विनयाने मान झुकवली. ते गुळाचा खडा घेऊन आले आणि तो त्यांनी बेगमला दिला.