काकू, हे विषय वेगळे असतात

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. कंटाळा येणाऱ्यांनी खुशाल पुढे सरका.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. रात्रीचं आकाश, आगीचा एक गोळा नागमोडी वळणं घेत खाली येतो आणि अख्खं शहर उडतं. खाली मजकूर: "आपल्या हायपरसोनिक मिसाईलची चाचणी. शत्रूचा चहा संपायच्या आत खेळ खल्लास." त्यावर तिरंग्यांची नुसती रांग. व्हिडिओ कॉम्प्युटर गेममधला होता हो! कोपऱ्यात खेळाडूचा स्कोअर दिसत होता, तो तरी कापायचा. मी एवढंच लिहिलं की हा गेम आहे, खरी चाचणी याहून भारी झालीये, ती वाचा. त्यावर एका चिरंजीवांचं उत्तर आलं, "काकू, हे विषय वेगळे असतात." पुढे हसरा चेहरा.

बरं. विषय काय असतात ते बघू.

वेग, वेग काय लावलंय? आवाजाच्या पाचपटीच्या पुढे गेलं की हायपरसोनिक. लांब पल्ल्याच्या कुठल्याही बॅलिस्टिक (फेकलेल्या दगडासारख्या कमानीत जाणाऱ्या) क्षेपणास्त्राचं टोक खाली येताना त्याहून कितीतरी वेगात असतं, आणि हे साठ वर्षांहून जुनं आहे. ग्लाइडची, म्हणजे हवेतून घसरत जाणाऱ्या क्षेपणास्त्राची, गंमत वेगात नाही, वळण्यात आहे. रॉकेट त्याला वर नेऊन सोडतं. मग ते इंजिनाशिवाय, स्वतःच्या अंगाच्या आकारावर, वातावरणाच्या वरच्या थरातून घसरत जातं. बॅलिस्टिकसारखं अवकाशात उंच चढत नाही, म्हणून जमिनीवरच्या रडारला पृथ्वीच्या गोलाईमुळे उशिरा दिसतं. वाटेत दिशा बदलतं, म्हणून कुठे पडणार याचं गणित समोरच्याला मांडता येत नाही. याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. बॅलिस्टिकचं टोक हवेत शिरतं आणि थोडक्यात आटपतं. हे मात्र मिनिटामागून मिनिटं भाजत राहतं, आणि भाजत असतानाच त्याला वळायचंही असतं.

१६ नोव्हेंबर २०२४ ला ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून आपण लांब पल्ल्याचं हायपरसोनिक क्षेपणास्त्र उडवलं, पल्ला १५०० किलोमीटरहून जास्त. शेवटच्या टप्प्यात ते ठरल्याप्रमाणे वळलं, हे समुद्रात उभ्या केलेल्या जहाजांवरच्या यंत्रांनी टिपलं. मला विचाराल तर अख्ख्या बातमीतलं सोन्यासारखं वाक्य हेच. ते कुणी फॉरवर्ड केलं? कुणीही नाही. त्यात स्फोट नाही ना.

मी पंधराएक वर्षं वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपच्या इन्स्पेक्शनला होते, हे जुन्या मित्रमंडळींना माहीत आहे. एकदा सरकारी काम आलं होतं. ड्रॉइंगवर फक्त नंबर. जॉब कुठे बसणार, कशाला लागणार, काही सांगायचं नाही आणि आम्ही विचारायचं नाही. निकेल अलॉयच्या रिंगा. हे मटेरियल महा खवट, कापताना आणखी कडक होत जातं आणि हत्याराच्या टिपा खातं. लेथवर आमचे तात्या. एक रिंग माझ्याकडे आली, बोअर गेजला पास, मायक्रोमीटरला पास. मी शिक्का उचलला तेवढ्यात तात्या आले, रिंगेच्या आतून नख फिरवलं आणि ती रिजेक्टच्या लाल पेटीत टाकली. शेठ धावत आले, "मटेरियलचा रेट माहितीये का?" तात्या म्हणाले, "गेजला चालतेय शेठ, मला चालत नाहीये." आतल्या बाजूला चॅटरच्या, म्हणजे कापताना हत्यार थरथरल्याच्या, बारीक रेघा होत्या. डोळ्याला दिसत नव्हत्या, नखाला लागत होत्या. शेठ मला म्हणाले, रजिस्टरला चढवू नका, पार्टीला कळेल. तात्या म्हणाले, "चढवा, बाई." मी चढवलं.

ते रजिस्टर मला दर चाचणीच्या बातमीला आठवतं.

अमेरिकेच्या एचटीव्ही-२ या प्रायोगिक ग्लाइड वाहनाचं काय झालं, आठवतंय? २०१० मध्ये उडवलं, साधारण नऊ मिनिटांत संपर्क तुटला. २०११ मध्ये पुन्हा उडवलं, पुन्हा तेच. माक २०, म्हणजे आवाजाच्या वीसपट वेग होता. मग त्यांच्या दार्पा या संरक्षण संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये जाहीर सांगितलं की वाहनाच्या कातडीचे अंदाजापेक्षा मोठे तुकडे निघाले. म्हणजे त्यांनी रजिस्टरला चढवलं! आता म्हणाल, अमेरिकेला तिथल्या काँग्रेसकडून पैसे मागायचे असतात, म्हणून बोलावं लागतं. असेल. तरी बोलले ना?

आपल्याकडे जून २०१९ मध्ये एचएसटीडीव्ही या हायपरसोनिक इंजिन तपासायच्या प्रायोगिक वाहनाची पहिली चाचणी झाली. ते ठरलेल्या उंचीला पोचलं नाही अशा बातम्या आल्या आणि याच आपल्या लोकांनी डीआरडीओवर काय काय विनोद केले! "दिवाळीचं रॉकेट" म्हणणारे आज तिरंगे लावतायत. ७ सप्टेंबर २०२० ला त्याच कार्यक्रमातलं स्क्रॅमजेट इंजिन हवेत वीस सेकंदांहून जास्त चाललं, सेकंदाला जवळपास २ किलोमीटर. सरळ रेषेत ठाण्याहून पुणं एका मिनिटात. आणि एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादला स्क्रॅमजेटचं ज्वलनकक्ष जमिनीवर १००० सेकंदांहून जास्त वेळ चालवलं. वीस सेकंदांवरून हजारावर. मधल्या त्या वर्षांत किती रिंगा लाल पेटीत गेल्या असतील, याचा विचार करून मला रडू येतं. खरंच येतं, हसू नका.

(आणि स्क्रॅमजेट म्हणजे ग्लाइड नव्हे. स्क्रॅमजेटला इंजिन असतं, ते समोरून येणारी हवा ओढून इंधन जाळतं. ग्लाइडला इंजिन नाही, रॉकेटनं दिलेल्या वेगावर घसरायचं. टीव्हीवाले दर वेळी दोन्हींची खिचडी करतात.)

आता दुसरं टोक बघा. १ मार्च २०१८ ला पुतिननी भाषणात ‘अवांगार्द’ या रशियन ग्लाइड अस्त्राची फुशारकी मारली, पडद्यावर कार्टूनसारखी फिल्म दाखवली. २०१९ च्या डिसेंबरात ते तैनात केलं. आणि याच विषयावर आयुष्य घालवलेल्या नोवोसिबिर्स्कच्या संस्थेतल्या तीन शास्त्रज्ञांना देशद्रोहाच्या आरोपाखाली उचललं. अनातोली मास्लोव, वय सत्तरीच्या पुढे, २०२४ मध्ये चौदा वर्षांची शिक्षा. सहकाऱ्यांनी उघड पत्र लिहिलं की यांचे संशोधनाचे पेपर तर तपासून, परवानगी घेऊन छापलेले होते, आता तरुण मुलं या कामात येतीलच कशाला? तात्यांना पोलिसांनी नेलं, तर दुसऱ्या दिवशी लेथवर बसलेला पोरगा रिंग लाल पेटीत टाकेल का? तो शिक्का मारेल, गप्प बसेल आणि घरी जाईल.

मला भीती याचीच वाटते. आपण अजून तिथे नाही, मान्य. पण गेम खोटा आहे म्हटल्यावर "तुम्हाला देशाचं कौतुक नाही" हे ऐकायला मिळतं. उद्या एखाद्या चाचणीत कातडी निघाली तर ते सांगायची हिंमत कोण करेल?

हो, शेजारी तसे आहेत. चीननं १ ऑक्टोबर २०१९ च्या संचलनात डीएफ-१७ हे ग्लाइड क्षेपणास्त्र रस्त्यावरून मिरवलं, आपण हात बांधून बसायचं का? नाही बसायचं. शस्त्र हवं. गुपितंही हवीत, सगळं चव्हाट्यावर नको. झालं समाधान?

पण टाळ्या वाजवताना जरा आजूबाजूला बघा. जुलै २०२४ मध्ये चांदीपूरला एका क्षेपणास्त्रविरोधी चाचणीआधी दहा गावांतल्या १०,५८१ माणसांना तात्पुरतं घरातून हलवलं होतं. कासवांच्या विणीच्या हंगामात अब्दुल कलाम बेटावरच्या चाचण्या थांबवल्याही आहेत, ऑलिव्ह रिडले कासवं जवळच्या किनाऱ्यावर येतात म्हणून. हे वाचून मला घर सोडणाऱ्या आणि चाचण्या थांबवणाऱ्या त्या लोकांबद्दल आदर वाटला, कुठल्याही स्फोटापेक्षा जास्त. आपल्या ठाणे जिल्ह्यातच, अंबरनाथला, डीआरडीओची नौदलाच्या मटेरियल्सची प्रयोगशाळा आहे. ग्रुपमधल्या कितीजणांना माहीत आहे? लोकल त्याच स्टेशनात थांबते की.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. कारण दुपारी तिसऱ्या मजल्यावरचा नववीतला मुलगा दारात आला. म्हणाला, "आजी, त्याला नीट पंख नाहीत, मग वळतं कसं?" मी म्हटलं, अंगच चपटं असतं, तेच उचल देतं, एका कुशीवर कललं की उचल त्या बाजूला ओढते. त्यानं लगेच विचारलं, "मग त्या बाजूला जास्त तापेल ना?" अरे वा! तात्या असते तर त्याला थेट मशीनपाशी नेलं असतं. मी त्याला बेसनाचा लाडू दिला आणि कातडी निघालेल्या वाहनाची गोष्ट सांगितली. गेमच्या व्हिडिओपेक्षा डोळे मोठे झाले होते त्याचे.

त्या चिरंजीवांवर माझा वैयक्तिक राग नाही. नोकरी, लोकल, ईएमआय, त्यात कुठेतरी अभिमान वाटावा असं काहीतरी हवं असतं, समजतं मला. फक्त मला "विषय वेगळे" शिकवायला येऊ नका.

आणि कमेंटमध्ये "मग तिकडेच जा" लिहिणाऱ्यांनी आधी स्क्रॅमजेट आणि ग्लाइड यांतला फरक लिहून दाखवावा. वर कंसात दिलाय, कॉपी केलात तरी चालेल.