पोटदुखीचं सर्टिफिकेट

आज दुपारी दुकानात जे झालं ते कुठेतरी ओकल्याशिवाय मला झोप लागायची नाही. पोस्ट लांबली तर सांभाळून घ्या.

आमचं औषधांचं दुकान कॉलेजच्या गेटसमोर आहे हे तुम्हाला माहीतच आहे. जेवणाच्या वेळेला एक पोरगी मैत्रिणीच्या खांद्याला धरून आली. पांढरीफटक, ओठ कोरडे, कपाळावर घाम. आत स्टुलावर बसवली, दमा-ॲसिडिटीचं विचारलं, आधी दोन बिस्किटं खायला लावली आणि मग गोळी दिली. म्हटलं, "घरी जा बाळा, रिक्षा बोलावू का?" तर म्हणते, "नको काकू, प्रॅक्टिकल आहे. सर म्हणाले, जायचं तर जा, पण उद्या येताना डॉक्टरचं सर्टिफिकेट आण. नाहीतर ॲबसेंट."

पाळीत पोट दुखतंय, याचं सर्टिफिकेट! आणि डॉक्टरने ते कशावरून द्यायचं, हेही त्या सरांनी सांगून टाकावं. ताप असता तर थर्मामीटरला कळला असता. हे कशाला कळणार? सोनोग्राफी केली तर बहुतेक पोरींचा रिपोर्ट नॉर्मल येतो. मग तो नॉर्मल रिपोर्ट नेऊन सरांना दाखवायचा, आणि सर म्हणणार, बघ, काहीच नाही तुला.

पोरगी गोळी घेऊन परत गेली प्रॅक्टिकलला. वाकून चालत होती.

मला दिवसभर माझी रूममेट आठवत राहिली. कोल्हापूरला आम्ही दोघी डी.फार्म.ला होतो, ती जतकडची. (तिला फोन करून विचारूनच लिहितेय. नाव घालू नकोस म्हणाली, बाकी बिनधास्त लिही.) दर महिन्याला पहिला दिवस आला की ती कॉटवर मुटकुळं करून पडायची. सलाईनच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत गरम पाणी भरायचं, टॉवेलात गुंडाळायचं आणि पोटाशी धरायचं, हे तिचं हॉट वॉटर बॅग. मेसवाल्या मावशी गरम पाणी द्यायला कुरकुरायच्या, गॅस संपतो म्हणून. उलट्या व्हायच्या, जुलाब व्हायचे. रेक्टर मॅडम दारातून बघून म्हणायच्या, "सगळ्यांनाच असतं ग, तू फार मनाला लावून घेतेस."

मनाला! जरा आमच्या पोटापाण्यातलं शास्त्र सांगते, रागावू नका. गर्भाशयाचं अस्तर सुटतं तेव्हा तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आवळतं, इतकं की स्नायूचा रक्तपुरवठा मधे मधे कमी पडतो, त्या कळा. हीच द्रव्यं आतड्यांनाही सोडत नाहीत, म्हणून उलट्या-जुलाब. जिच्यात ती जास्त बनतात तिला जास्त दुखतं. यात नाजूकपणा, लाड, मोबाईल, मॅगी, कशाचाही संबंध नाही. मेफ्टाल स्पास म्हणून जी गोळी पोरी मागतात, तिच्यातलं मेफेनॅमिक ॲसिड ही द्रव्यं बनायलाच अडवतं. म्हणजे ती कळ सुरू होता होताच घ्यायला हवी, आणि भरल्या पोटी. आमच्या पोरी काय करतात? "बघू, सहन होतंय का" म्हणत दुपारपर्यंत थांबतात, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नसतो, आणि पार कोलमडल्या की मैत्रिणीच्या खांद्यावरून माझ्याकडे येतात. एवढी साधी गोष्ट सातवी-आठवीत कुणी सांगत नाही. पॅड कसं वापरायचं ते सांगतात, दुखलं तर काय करायचं ते नाही.

पॅडचं झालं हो सगळं. २०१८ साली १२ टक्के जीएसटी गेला, त्याच वर्षी आपल्याकडे अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅडचं पाकीट आलं. चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण डाग दुसऱ्याला दिसतो म्हणून त्याची सोय झाली. दुखणं कुणाला दिसत नाही.

आता एक गंमत सांगते, दुकानदारच सांगू शकेल अशी. श्रावण लागला की गौरी-गणपती होईपर्यंत माझ्याकडे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची मागणी वाढते. आणि त्या न्यायला कोण येतं? आई येते, सासू येते, कधी कधी नवरासुद्धा येतो, तारखा मोजून. ते हॉर्मोन आहे, डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा त्रास असेल तर मुळीच नको, असं मी घसा फोडून सांगते. "एकदाच हो," म्हणतात. देवाला पाळी नको म्हणून अख्खं घर धावतं. पोरीच्या पोटात दुखतं तेव्हा पोरगी एकटी येते आणि दुकानातलं पुरुष गिऱ्हाईक जाईपर्यंत खोकल्याच्या बाटल्या बघत उभी राहते.

माझ्या रूममेटच्या आईने गौरीसाठी अशाच गोळ्या एसटीतून पाठवल्या होत्या. तीच आई पोटदुखीची गोळी घेऊ द्यायची नाही. सवय लागते म्हणे. (लागत नाही.)

तशी कुठलीच गोळी चण्या-फुटाण्यासारखी खायची नसते, हे मान्य. २०२३ च्या अखेरीस औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इशारा दिला होता, की क्वचित कुणाला अंगावर पुरळ, ताप, आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर रिॲक्शन येऊ शकते. तसं काही दिसलं तर गोळी बंद आणि तडक डॉक्टर. पण त्या बातमीनंतर लोकांनी पोरींना डॉक्टरकडे न्यायला हवं होतं ना? नेलं नाही. गोळी तेवढी बंद केली.

आता कुणीतरी येईलच, "पोरी गैरफायदा घेतील" म्हणत. घेतील. दोन-चार घेतील. मग? आमच्या वर्गातल्या एका पोराची आजी दर सेमिस्टरला वारायची, तिचं सर्टिफिकेट कुणी मागितलं नव्हतं.

आणि नोकरीतल्या रजेचं म्हणाल, तर सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये म्हटलं होतं की सक्तीची रजा केली तर मालक बायकांना कामावरच घेणार नाहीत. त्यात तथ्य आहे, मला आवडत नाही तरी आहे. पण कॉलेजला काय घेऊन बसलाय? कॉलेज काय मुलींना ॲडमिशन द्यायचं बंद करणार आहे? कोचीच्या कुसॅट विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं, मुलींना दर सेमिस्टरला हजेरीत २ टक्के सवलत. ७५ च्या जागी ७३. पाठोपाठ केरळ सरकारने आपल्या सगळ्या विद्यापीठांना ते लागू केलं. कुठे आभाळ कोसळलं? बिहारने, हो हो, बिहारने, १९९२ सालापासून सरकारी नोकरीतल्या बायकांना महिन्याला दोन दिवस दिलेत. आणि आपण फुले-कर्व्यांचं नाव घेऊन छाती फुगवणारे, आपण पोरीला सर्टिफिकेट मागतो.

संसदेत एक मंत्रीबाई म्हणाल्या होत्या, पाळी म्हणजे काही अपंगत्व नाही, नैसर्गिक आहे. बाळंतपण कुठे कृत्रिम असतं बाई? त्याची रजा देतोच की.

पुरावा मागायची ही हौस कुठवर जाते ते २०२५ च्या जुलैत शहापूरच्या एका शाळेत दिसलंच. बाथरूममध्ये रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे काढून तपासलं. मुख्याध्यापिकेला अटक झाली. तिकडे ‘पाळी नाही म्हणतेस, दाखव’, इकडे ‘पाळी आहे म्हणतेस, दाखव’. दोन्हीकडे पोरीच्या शब्दाला किंमत शून्य.

थांबा, पाणी पिऊन आले.

सगळेच तसे नाहीत, हेही लिहायला हवं. मागे एक पोरगा आला होता, दाढी फुटायला लागलेला, हेल्मेट हातात. म्हणाला, "काकू, वर्गातल्या मुलीला त्रास होतोय, ती गोळी द्या. आणि ओआरएस द्या. आणि तिने सकाळपासून काही खाल्लं नाहीये, चालेल का?" मी बघतच राहिले. मान खाली नाही, आवाज खाली नाही. ज्याच्या आईने याला वाढवलंय तिला माझा नमस्कार सांग, म्हटलं. तो लाजला तेव्हा कुठे.

पण आमच्या बायकांचं काय करू? आज ही गोष्ट शेजारच्या वहिनींना सांगितली तर त्या लगेच, "आमच्या वेळी नव्हतं बाई असं, आम्ही विहिरीवरून पाणी आणायचो." आणायचा हो. दुखत असताना आणायचा, कारण नाही म्हणायची सोय नव्हती.

रूममेटनेही तेच केलं होतं. प्रॅक्टिकलला खलात इमल्शन घोटताना खाली बसली. सर म्हणाले, तोंड धुऊन ये. आली, आणि इमल्शन पूर्ण करून दाखवलं. आम्ही टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. पुढे सगळ्यांनी तिला एकच औषध सांगितलं, लग्न झालं की थांबेल. थांबलं नाही. एक मूल झालं की मोकळी होशील, म्हणाले. मूलच होईना. तेव्हा कुठे मोठ्या डॉक्टरकडे नेलं, दुर्बिणीतून तपासणी झाली आणि निघालं एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार. दोन्ही अंडाशयांत चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेल्या गाठी. कॉलेजपासूनच होतं तुम्हाला, डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं काय करत होता?

आज फोनवर म्हणाली, "मी काय करत होते? मी सगळ्यांना सांगत होते."

म्हणून दर महिन्याला आडवी होणारी, गोळीने न थांबणारी, पाळी नसतानाही दुखणारी पोरगी तुमच्या घरात असेल तर तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. लग्नाची वाट बघू नका.

सोमवारी मी प्राचार्यांना भेटायला जाणार आहे. कुसॅटच्या निर्णयाची बातमी छापून घेतलीय. कॉलेज विकास समितीवरचे दोघे-तिघे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, त्यांनी ही पोस्ट वाचलीय हे मला दिसणार आहे, तेव्हा लाईक करून सटकू नका, सोबत या. आणि कमेंटमध्ये ओवा, मेथ्या, कोरफड वगैरे कुणीही लिहायचं नाही. डिलीट करीन.