चाळीस फुटांचा चिखल

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला आम्ही राहतो त्या गावामागे एक डोंगर आहे आणि त्या डोंगरावर एका वळणापुढे चाळीस फूट लांब चिखल आहे. एवढ्याशा चिखलावर काय लिहायचं, असं ज्यांना वाटेल त्यांचा कॅलिफोर्नियातल्या सरकारी जमिनीशी अजून संबंध आलेला नाही. या चिखलाबद्दल आजवर जेवढे कागद तयार झाले तेवढे त्यावर नुसते पसरले असते तरी तो केव्हाच बुजला असता.

वाट सायकलची आहे. म्हणजे तशी ती चालणाऱ्यांचीही आहे आणि घोड्यांचीही, आणि सगळं भांडण त्याचंच आहे. फाटकावर एक पिवळा त्रिकोणी फलक लावलेला असतो. सायकलवाल्याने सगळ्यांना वाट द्यायची, चालणाऱ्याने घोड्याला द्यायची, घोड्याने कुणालाच द्यायची नाही. उतरंड इतकी स्वच्छ रंगवून भिंतीवर टांगण्याचं धाडस आपल्याकडे कुणी केलं नसतं. घोडा जाताना वाटेवर आपली सही करून जातो; ती उचलायचा नियम कुत्र्याच्या मालकाला आहे, घोड्याच्या मालकाला नाही. माझ्या सायकलच्या चाकांना मडगार्ड नाहीत, एवढं सांगून मी हा विषय इथेच थांबवतो.

गंमत म्हणजे माउंटन बायकिंगचं बारसं याच भागात झालं. सत्तरच्या दशकात फेअरफॅक्स गाव आणि आसपासची काही पोरं जुन्यापुराण्या, जाड टायरांच्या श्विन कंपनीच्या सायकली डोंगरावर ढकलत न्यायची आणि वरून सुसाट सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथल्या एका कच्च्या रस्त्यावर पहिली शर्यत झाली. दोनेक मैलांत सुमारे १,३०० फूट उतार. मागच्या चाकाच्या हबातले, म्हणजे मधल्या तुंब्यातले, ब्रेक इतके तापायचे की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या रस्त्याचं नावच ‘रीपॅक’ पडलं. तिथून हा खेळ जगभर गेला, १९९६ साली ऑलिंपिकमध्येही पोचला. आणि शेजारच्या माउंट टॅमल्पाइस उर्फ माउंट टॅम या डोंगरावर? तिथल्या अरुंद पायवाटांवर सायकलींना अनेक दशकं बंदी. वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या रुंद कच्च्या रस्त्यांवर, म्हणजे फायर रोडवर, चालवा, तेही ताशी १५ मैलांच्या आत, आंधळ्या वळणावर ५. रेंजर लोक झुडपाआड रडारगन घेऊन बसायचे. रस्त्यावरचा पोलीस परवडला, तो निदान दिसतो तरी.

असो, चिखलाकडे वळतो. तो नक्की कुणाच्या हद्दीत आहे, हा पहिला प्रश्न. डोंगराचा पायथा एकाचा, मधला पट्टा दुसऱ्याचा कारण खाली धरण आहे, माथा तिसऱ्याचा. मध्येच एक खाजगी कुरण घुसलेलं, त्यातून जायचा हक्क कुठल्याशा जुन्या करारात. वरून विजेच्या तारा, त्यांच्याखालची झाडं छाटायचा अधिकार आणखी कुणाचा. या डोंगराचा सातबारा निघाला असता तर ‘इतर हक्क’ हा रकाना पुरवणी जोडून लिहावा लागला असता. चिखल आहे तो भाग एका मंडळाकडे. मंडळाचं नाव सांगत नाही. मला अजून त्याच डोंगरावर जायचंय.

दुसरा प्रश्न, काम कधी करायचं. फेब्रुवारी ते ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीचा हंगाम, तेव्हा झुडपाला हात लावायचा नाही. शिवाय घुबडं. इथलं ठिपकेदार घुबड संरक्षित आहे आणि त्याला यंत्रांचा आवाज खपत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात जमीन दगड झालेली असते आणि सुका वारा सुटला की वणव्याचा लाल इशारा. दगडावर लोखंड आपटून ठिणगी उडाली तर काय घ्या, म्हणून काम बंद. मग पाऊस येतो, माती मऊ पडते, कुदळ सुखाने आत जाते, आणि नेमके त्याच सुमाराला सॅलमँडरच्या जातीचे न्यूट नावाचे प्राणी ओढ्याकडे निघतात. त्यांच्या वाटेत येऊ नये. या सगळ्यातून उरलेल्या फटीत थँक्सगिव्हिंगची सुट्टी येते आणि माणसं गावाला जातात.

त्या फटीतला एक शनिवार श्रमदानाला ठरला, आणि तेव्हा नेमके बाबा आमच्याकडे आलेले होते.

बाबा माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात ते नुकतेच विशीत आलेले होते आणि दुष्काळी कामांवर हजेरी लिहायला लागले होते. मस्टर, खडी, बांधबंदिस्ती, पाझर तलाव. तिथून पुढे आयुष्यभर त्यांनी पावसाचं पाणी अडवण्याचीच कामं पाहिली. इकडे आल्यावर ते घरातल्या डिशवॉशरचा उतार तपासून झाले होते आणि पुढे काय करावं अशा विवंचनेत होते. मी त्यांना सोबत नेलं.

आधी फॉर्म. डोंगर अंगावर कोसळला, साप चावला, पॉइझन ओक नावाच्या खाजऱ्या झुडपाने अंग सुजलं किंवा मी मेलो तरी मंडळ जबाबदार नाही, अशा आशयाचा. बाबांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, मी भाषांतर करत होतो. “मजुरी किती?” त्यांनी विचारलं.

“फुकट असतं बाबा हे.”

“आणि सुकडी?”

“डोनट देतात.”

मग हेल्मेट, हातमोजे आणि हत्यारांचं व्याख्यान. मॅकलाउड म्हणजे एका बाजूने दाताळं आणि दुसऱ्या बाजूने रुंद पात्याचं खोरं. पुलास्की म्हणजे एकीकडे कुऱ्हाड, दुसरीकडे कुदळ. १९१० च्या आयडाहोतल्या भयंकर वणव्यात एड पुलास्की नावाच्या रेंजरने आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात कोंडून वाचवलं होतं, त्याचं हे नाव. बाबांनी पुलास्की हातात तोलून पाहिली आणि “बरी आहे” म्हणाले. बाबांच्या तोंडून हा शब्द माझ्या अमेरिकेतल्या घराच्या वाट्यालाही आलेला नव्हता.

कामावरची मंडळी पाहण्यासारखी होती. दोन सॉफ्टवेअरवाले, एक दंतवैद्य, एक वकील आणि टोळीप्रमुख म्हणून एक निवृत्त इंजिनियर. आम्ही चिखलात आडवे ओंडके पुरत होतो, पाणी अडून बाजूला जावं म्हणून. आधीच्या वर्षी पुरलेले ओंडके गाळाने भरून गेले होते आणि पाणी त्यांच्या डोक्यावरून आरामात वाहत होतं. बाबा बराच वेळ कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. मग त्यांनी माझी पाण्याची बाटली घेतली, निम्मी रिकामी केली, वाटेवर आडवी ठेवली आणि आतल्या पाण्याची रेघ पाहिली.

“ही वाट कुणी काढली?”

“जुनी आहे. गुरं उतरायची म्हणे.”

“गुरांना परत वर यायची घाई नसते. अरे, पाण्याला सरळ खाली जायचंय, आणि तुम्ही त्याला सरळ खाली जाणारा रस्ता करून दिलाय. वर ओंडके कसले पुरताय? वाट डोंगराच्या पोटाला धरून फिरव. मधे मधे थोडी चढव, म्हणजे तिथे पाणी दम खाईल आणि बाजूला उतरेल. आणि बाहेरची कड आतल्यापेक्षा जरा खाली ठेव.”

मी हे इंग्रजीत सांगितल्यावर टोळीप्रमुखाने खिशातून उतार मोजायचं यंत्र काढलं, डोळ्याला लावलं आणि गप्प झाला. वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त असू नये, सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास असावा, कड बाहेरच्या बाजूला कललेली असावी; माउंटन बायकिंगची वाट बांधणाऱ्यांचे हे पाठ असलेले नियम. बाबांकडे हे सगळं बाटलीत होतं. “यांचा अनुभव कुठला?” प्रमुखाने विचारलं. मी म्हटलं, महाराष्ट्र शासन. त्याने आदराने मान हलवली. शासनाबद्दल त्याला पुरेशी माहिती नसावी.

पण वाट फिरवायची म्हणजे साधं काम नव्हे. आहे त्याच वाटेत खोलगट उतार काढला तर ती ‘देखभाल’. तीच वाट वरच्या अंगाने सत्तर फूट सरकवली की झाला ‘प्रकल्प’. आणि प्रकल्प म्हटला की पर्यावरण परीक्षण. हा कायदा १९७० चा, त्यावर सही गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांची. सरकारी लुडबुड कमी करा म्हणत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाने आमच्या चिखलाची ही सोय करून ठेवली होती. तेव्हा विषय मंडळाच्या बैठकीत न्यायचं ठरलं.

बैठकांचाही एक कायदा आहे, १९५३ चा. नियमित बैठकीची विषयपत्रिका बहात्तर तास आधी जाहीर झाली पाहिजे आणि तिच्यात नाही त्यावर चर्चा करायची नाही. आधीच्या एका बैठकीत आमचा चिखल पत्रिकेवर नव्हता म्हणून मंडळींनी आमची व्यथा अतिशय सहानुभूतीने, एक अक्षरही न बोलता ऐकून घेतली होती. या वेळी तो कलम सातमध्ये होता. प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं. समोर दिवा, हिरवा, पिवळा, लाल.

पायी चालणाऱ्यांच्या वतीने एक बाई उठल्या. म्हणाल्या, चिखल असू द्या. तेवढ्या जागी तरी सायकलवाले हळू येतात, हा निसर्गाने घातलेला गतिरोधक आहे. स्थानिक वनस्पतीवाले म्हणाले, नव्या वाटेत एक गवत आहे, ते फक्त अशाच मातीत उगवतं. मग एका सद्गृहस्थांनी बॉम्ब टाकला. गेल्या पावसाळ्यात त्यांना या चिखलातल्या डबक्यात बेडकाची अंडी दिसली होती. कॅलिफोर्नियाचा लाल पायांचा बेडूक म्हणजे राज्याचा अधिकृत उभयचर आणि धोक्यात आलेला. सभागृहात कुजबुज उठली. अंडी त्याचीच असतील तर हे डबकं डबकं राहत नाही, अधिवास होतो. म्हणजे आमच्या सायकलींनी खोदलेल्या चाकोरीत पाणी साचलं, त्यात बेडूक आला आणि आता बेडकामुळे चाकोरी बुजवता येणार नाही. घोडेवाल्या बाई म्हणाल्या, घोड्याला बेडकाची भीती वाटते. आमच्या बाजूने बोलायला उठलेला तरुण बॅटरीची सायकल चालवणारा निघाला आणि त्याने सुरुवातच तिच्या वेगापासून केली. दिवा लाल व्हायच्या आत त्याने आमची अर्धी मतं घालवली.

अशा वेळी आमच्या वकिलाला नियम आठवला. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्या नागरिकाला दुप्पट वेळ द्यावा लागतो, कायद्याने. अख्ख्या आमच्या रांगेने माना वळवून बाबांकडे पाहिलं. सहा मिनिटं! त्या सभागृहात सहा मिनिटं सलग बोलायला मिळणं म्हणजे लोकसभेत जाण्यासारखं.

बाबा उठले, स्वेटर नीट केला. “बहात्तर साली आमच्याकडे दुष्काळ पडला,” त्यांनी सुरुवात केली, “तेव्हा तुमच्याकडून मिलो आली होती. लाल ज्वारी. भाकरी कशीबशी व्हायची, चव नव्हती, पण पोट भरलं. ते मी विसरलेलो नाही. त्या बदल्यात तुम्हाला एक गोष्ट सांगतो.”

मी ‘चव नव्हती’ हे गाळून बाकी सांगितलं. सभागृह शांत. मग बाबांनी पाणी कसं चालतं ते सांगितलं. ते वाटेवरून पळालं की माती नेतं, ती माती ओढ्यात जाते, ओढ्यातून तुमच्या धरणात जाते. बेडकाला डबकं पाहिजे ना, मग वाटेच्या बाजूला एक काढून द्या. वाटेतून वळवलेलं पाणी त्यातच सोडा. चाकाखाली संसार कशाला मांडायला लावता त्याला? वनस्पतीवाले लिहून घेत होते. बेडूकवाले गृहस्थ मान डोलावत होते.

मंडळाच्या एका सदस्या पुढे वाकल्या. १९७२ मध्ये तुम्ही अशा कामांच्या परवानग्या किती काळात मिळवत होतात?

बाबा म्हणाले, “तहसीलदार सकाळी जीपने आला, काठीने दाखवलं, दुपारी माणसं लागली.”

“स्थानिक प्रशासनाशी घनिष्ठ समन्वय होता,” मी सांगितलं.

सदस्या प्रभावित झाल्या. ठराव असा झाला: आहे त्या वाटेत दोन खोलगट उतार काढायला मंजुरी, नवी वाट आणि बेडकाचं डबकं यांचा अभ्यास करायला उपसमिती. उपसमितीची बैठक पक्ष्यांचा हंगाम संपल्यावर.

बाहेर पार्किंगमध्ये लोक बाबांचे हात हातात घेत होते. तेवढ्यात घोडेवाल्या बाई लगबगीने आल्या. पुढच्या महिन्यात त्यांच्या फाटकाचा विषय येणार होता. हे गृहस्थ त्यांच्यासाठी बोलतील का? मी म्हटलं, ते पुढच्या आठवड्यात भारतात परत जाताहेत. बाईंचा चेहरा पडला. तिकीट पुढे ढकलता येणार नाही का?

बाबांनी मला कोपराने ढोसलं. “काय म्हणतात?”

मी सांगितलं.

“फाटकाला त्यांचं म्हणणं बरोबर आहे की चूक?”

“पूर्ण चूक. त्यांना सायकली बंद करायच्यात.”

“मग तिकिटाचे पैसे त्या देणार का, तेवढं विचारून घे.”